ट्रॅक्टर द्या, पण एकटा पाठवू नका

*ताई, नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातला शेतकरी. खरिपाला कापूस-सोयाबीन, रब्बीला हरभरा. दोन वर्षांमागं कर्ज काढून ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर घेतला. सुरुवातीची रक्कम भरायला बायकोनं गंठण मोडलं. तेव्हापासून मोठा चुलतभाऊ हक्कानं ट्रॅक्टर नेतो. डिझेल कधी टाकतो, कधी नाही. चालवायला त्याचा पोरगा असतो, सतराचा आहे. उन्हाळ्यात रोटाव्हेटरची पाती मोडून आणली आणि "जुनीच होती" म्हणाला. मी गप्प बसलो. पोळ्याच्या आधी दाजींनी उसात तणनाशक मारायला माझा बॅटरीचा पंप नेला. परत आल्यावर मी तो पाण्यानं खळबळला आणि त्याच पंपानं कापसावर कीटकनाशक मारलं. आता कापसाची पानं भेंडीच्या पानासारखी चिरलेली, बारीक बारीक निघायलीत, पाते (फुलाच्या कळ्या) गळायलेत. गावातला एक मित्र ड्रिल मशीन आणि शिडी घेऊन गेलाय, त्याला सहा महिने झाले. बायको म्हणते, आता कुणाला काही द्यायचं नाही. आई म्हणते, भाऊबंद तोडू नको, उद्या खांदा द्यायला हेच येणार. सोयाबीन निघाली की दादा पुन्हा रोटाव्हेटर मागणार. नाही कसं म्हणू? आणि दाजींना कापसाचं नुकसान मागावं का?*

भाऊ, आधी कापसाचं बोलू. भावकीचं चार दिवस थांबेल, कापूस थांबणार नाही.

तुम्ही पानांचं जे वर्णन केलंय त्यावरून टू-फोर-डीचा अंश लागलेला दिसतो. हे तणनाशक रुंद पानाच्या तणांवर चालतं. ऊस गवताच्या कुळातला, म्हणून त्याला ते सोसतं. कापूस रुंद पानाचा आणि या औषधाच्या बाबतीत फार हळवा. टाकीच्या तळाशी, नळीत, नोझलच्या जाळीत जे थोडंफार उरतं तेवढंसुद्धा त्याला पुरतं. नुसत्या पाण्यानं खळबळून ते निघत नाही. पण दाजींनी नेमकं कोणतं औषध मारलं ते पत्रात नाही. फोन करून बाटलीवरचं नाव विचारून घ्या. आवाज न चढवता विचारा, आधी फक्त माहिती हवी आहे.

मग रानात जाऊन एक गोष्ट नीट बघा. नुकसान कुठून सुरू होतं? अंश पंपातून आला असेल, तर ज्या तासापासून (पिकाच्या ओळीपासून) तुम्ही फवारणी सुरू केली तिथं पानं सगळ्यात जास्त बिघडलेली दिसतील, पुढच्या पंपागणिक जोर कमी होत गेलेला दिसेल, आणि फवारणी न झालेली तासं चांगली असतील. पण जर एकाच बांधाकडची झाडं जास्त खराब आणि आत आत गेलं की कमी असं दिसलं, तर ते शेजाऱ्याच्या रानातून वाऱ्यानं आलेलं असू शकतं. टू-फोर-डीचे काही प्रकार उन्हात वाफ होऊनही लांब जातात. तुडतुड्यांनीही पानं मुरडतात, पण त्यात कडा खाली वळतात, पिवळ्या पडून पुढं लालसर होतात. पान बोटांसारखं चिरत नाही. हे सगळं बघायच्या आधी दाजींवर ठपका ठेवलात आणि कारण भलतंच निघालं, तर तो शब्द परत घेता येणार नाही.

कृषी सहायकाला बांधावर बोलवा. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ तुमच्याच जिल्ह्यात आहे. दोन-तीन झाडं मुळासकट उपटून ओल्या फडक्यात गुंडाळा, कोणत्या तारखेला काय मारलं ते कागदावर लिहा आणि घेऊन जा. तोवर दुकानदार देईल ते टॉनिक कापसावर ओतू नका. थोडा अंश लागलेला कापूस नव्या शेंड्यांतून सावरतो. किती सावरेल ते मात्रेवर आणि झाडाच्या वयावर असतं, आणि ते झाड बघूनच कुणीतरी सांगू शकेल.

पंपाचंही सांगून ठेवते. तीन वेळा स्वच्छ पाण्यानं धुवायचा, मग धुण्याच्या सोड्याचं पाणी भरून रात्रभर ठेवायचं, सकाळी ते नळीतून आणि नोझलमधून बाहेर काढायचं, नोझल आणि जाळी खोलून वेगळी धुवायची. हे पाणी विहिरीजवळ किंवा ओढ्यात टाकायचं नाही. एवढं करूनही माझं मत असं, की कापूस करणाऱ्यानं तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा, त्यावर लाल रंगानं मोठं लिहावं, आणि कीटकनाशकाचा पंप घराबाहेर जाऊच देऊ नये. दाजी असोत की साक्षात सासरे, तो पंप मागितला तर "हा कापसाचा आहे, हा देत नाही, तो लाल न्या" एवढं सांगणं पुरे. यात कुणाचा अपमान नाही.

आता कारण पंपच निघालं, तर नुकसान मागावं का? माझं उत्तर, मागू नये. पंप न धुता, न सांगता परत केला ही दाजींची चूक. तो कशासाठी नेला होता हे ठाऊक असूनही तुम्ही तोच कापसावर धरला, ही तुमची. दोन्ही वाटे मिळून हे झालं, आणि बहिणीच्या घरून पैसे वसूल करण्याइतका एकाचाच दोष यात नाही. पण न मागणं म्हणजे न बोलणं नव्हे, हे मी ठासून सांगते. दाजींना रानात बोलवा. ती पानं त्यांच्या हातात द्या. "दाजी, उसाचं औषध पंपात राहिलं होतं, बघा काय झालं" एवढंच म्हणा आणि गप्प राहा. त्यांना हे बहुधा ठाऊकच नसेल. ठाऊक झालं नाही तर पुढच्या वर्षी ते आणखी कुणाच्या कापसाचं असंच करतील, कदाचित स्वतःच्याही. बहिणीच्या तोंडून निरोप मात्र मुळीच पाठवू नका. माहेर आणि सासर यांच्यामध्ये तिला उभं करायला नको. आणि दाजी स्वतःहून "नवा पंप आणून देतो" म्हणाले, तर संकोचानं नाही म्हणू नका. घ्या. माणसाला भरून द्यायचं असतं तेव्हा देऊ द्यावं.

ट्रॅक्टरकडे येते. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त धास्ती वाटली ती पात्यांच्या ओळीनं नाही. "चालवायला त्याचा पोरगा असतो, सतराचा आहे" या ओळीनं वाटली. ते तुम्ही जाता जाता लिहिलंय.

मोटार वाहन कायदा 1988 चा आहे. त्याच्या कलम 5 प्रमाणे परवाना नसलेल्या माणसाच्या हाती गाडी द्यायला मालकालाच मनाई आहे. 2019 च्या दुरुस्तीनं त्यात कलम 199-अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा घडला, तर त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, वर गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आपल्या नकळत झालं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे मालकानं सिद्ध केलं तर तो सुटतो. पण तुम्हाला तर माहीत आहे, तुम्ही मला लिहूनच कळवलंय. शिवाय परवाना नसलेला चालक असेल, किंवा शेतीसाठी विमा उतरवलेल्या ट्रॅक्टरनं भाड्यानं विटा-वाळूची वाहतूक चालली असेल, तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. मग जखमीची भरपाई कुणाच्या गळ्यात येते? ज्याच्या नावावर ट्रॅक्टर आहे त्याच्या.

कायदा बाजूला ठेवा. ट्रॅक्टर बांधावरून उलटला आणि पोरगं खाली सापडलं, तर तुम्ही दादाच्या दारात कोणत्या तोंडानं उभे राहणार? सुरू असलेल्या रोटाव्हेटरच्या शाफ्टमध्ये पंचाचं टोक, ओढणी, साडीचा पदर अडकतो तेव्हा हँडल ओढायलाही वेळ मिळत नाही. रोटाव्हेटरमागं बायामाणसं धसकटं वेचत चालतात, मडगार्डवर दोन लेकरं बसलेली असतात, हे आपण सगळेच बघतो. म्हणून पुतण्याच्या हाती चावी देणं आजपासून बंद करा, आणि हे भीडेखातर मऊ करून सांगू नका. तो मोठा झाला, त्यानं परवाना काढला, की तुम्हीच शेजारी बसवून शिकवा. त्याला हौस आहे, ती मारायचं कारण नाही.

पात्यांचं बोलते. पाती झिजतात, दगडावर मोडतात, ती खर्चाची वस्तूच आहे. त्यामुळं "जुनीच होती" हे दादाचं म्हणणं अगदीच खोटं नसेल. पण वळणावर पीटीओ (ट्रॅक्टरच्या इंजिनाचं बळ अवजाराला देणारा फिरता दांडा) बंद न करता रोटाव्हेटर वर उचलला की जॉइंटचा क्रॉस जातो, ओल्या रानात घातला की माती पात्यांना लगडते, गिअर बॉक्समधलं तेल बघायचं राहून जातं. ज्याला दुरुस्तीचं बिल भरायचं नसतं त्याच्या हाताला हे जाणवत नाही. त्यात दुष्टपणा नाही. दादाला तुमचं वाईट करायचंय असं पत्रातल्या कुठल्याच ओळीतून मला दिसत नाही. त्याला रोटाव्हेटर म्हणजे काय खर्च, हेच कधी कळलेलं नाही, कारण तुम्ही ते कधी कळू दिलं नाही.

आपल्याकडं देणंघेणं काही आजचं नाही. ज्याच्याकडं एकच बैल, तो दुसऱ्या एकबैल्याशी सावड करायचा आणि दोघांची रानं एका जोडीनं व्हायची. कुणाचं काम अडलं की इर्जिक बोलवायची. गावातली औतं एका रानात उतरायची आणि घरधनी सगळ्यांना जेवू घालायचा. पण यात एक गोष्ट बघा. बैल आला की बैलवाला यायचा. औत आलं की औतकरी सोबत असायचा. बैलाला कुठं थांबवायचं, पाणी कधी दाखवायचं, खांदा आलाय का, हे बघायला मालकाचे डोळे तिथंच असायचे. जोडी नुसती सोडून दिली आणि चार दिवसांनी परत आली, असा व्यवहार शहाणा माणूस करत नव्हता. ट्रॅक्टर आल्यावर आपण चावी देऊन घरी बसायला लागलो आणि तिथून ही कुरबुर सुरू झाली.

म्हणून तुम्हाला नाही म्हणायचंच नाही. हो म्हणायचं, पण मी येणार या अटीवर. दादानं विचारायची वाटही बघू नका, सोयाबीन काढणीला येण्याआधी तुम्हीच त्याच्या घरी जा. चहा होऊ द्या, मग म्हणा, "दादा, औंदा हरभऱ्याला तुपलं रान मीच करून देतो. चावी नाही देत कुणाला, पण मी सोता येतो. डिझेल तुपलं, आणि एकरी काय ते नात्याचं ठरवू." तो म्हणेल, "कामून, भरोसा राहिला नाही का?" तेव्हा लाजायचं नाही. "भरोसा हाय म्हणून तर येयलाव. पोराला काही झालं तर मी तुला तोंड कसं दाखवू?" हे खरंच आहे, त्यामुळं बोलताना तुमचा आवाज कापणार नाही.

तुम्हाला वेळ नसेल तर परवानाधारक ड्रायव्हर ठेवा, त्याची मजुरी दादानं द्यायची. गावातल्या चालू भावापेक्षा दादाचा भाव कमी ठेवा, हवा तेवढा कमी ठेवा, पण शून्य ठेवू नका. फुकटात दिलं की तो तुमच्या सोयीनं न मागता त्याच्या सोयीनं मागतो. जाताना आणि येताना तासाच्या मीटरचा आकडा वहीत लिहायचा, टाकी जेवढी भरलेली नेली तेवढी भरून आणायची. आणि पहिली पाळी तुमच्या रानाची, हेही आत्ताच सांगून टाका. सोयाबीन निघाली की जमिनीतली ओल दिवसागणिक उडते आणि हरभऱ्याला तीच ओल हवी असते. दुसऱ्याचं रान आधी करून स्वतःचा हरभरा कोरड्यात पेरायचा, हे मी तुम्हाला कदापि सुचवणार नाही. दादाला घाई असेल तर गावात भाड्याचे ट्रॅक्टर असतात, आणि पोकरा (नानाजी देशमुख कृषी संजीवनी) योजनेतून मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत शेतकरी गटांनी अवजारे बँका काढल्या आहेत, तिथून एकरी भाड्यानं रोटाव्हेटर मिळतो. तुमच्या जवळपास अशी बँक असेल तर तिचा भाव विचारून ठेवा. तो भाव ऐकला की दादाला तुमच्या नात्याच्या भावाचीही किंमत कळेल.

तुमच्या बाजूनंही एक देणं लागतं. भारतीय करार कायदा 1872 चा. त्यात वस्तू वापरायला देण्याघेण्याची कलमं आहेत आणि ती फार शहाणपणानं लिहिलेली आहेत. देणाऱ्याला वस्तूतला दोष माहीत असेल तर तो घेणाऱ्याला सांगायलाच हवा, असं कलम 150 म्हणतं. ब्रेक एका बाजूला ओढत असेल, शाफ्टचं गार्ड तुटलं असेल, तर सांगून द्या, आणि खरं तर दुरुस्त केल्याशिवाय देऊच नका. घेणाऱ्यानं ती स्वतःची असल्यासारखी जपावी, हे कलम 151. मुदत संपली की न मागता परत करावी, हे 160. आणि फुकट दिलेली वस्तू मालक मुदतीआधीसुद्धा परत मागू शकतो. मात्र त्या मुदतीवर विसंबून राहिलेल्या माणसाचं मध्येच परत घेतल्यानं फायद्यापेक्षा जास्त नुकसान झालं, तर ते मालकानं भरून द्यावं, असं 159 सांगतं. भावाला कोर्टात न्या म्हणून मी हे सांगत नाही, तो विचारही मनात आणू नका. स्वतःची वस्तू परत मागताना तुम्हाला चोरट्यासारखं वाटतं, ते वाटू नये म्हणून सांगते.

मित्राचं सोपं आहे. उद्या संध्याकाळी त्याच्या घरी जा, "शिडी लागायलीय" म्हणा आणि शिडी-ड्रिल दोन्ही घेऊन या. बहुतेक तो विसरला असेल. टिकाव, पावडं, घमेलं, ताडपत्री असल्या वस्तूंचा हिशोब ठेवूच नका. दांड्याला रंगाचा पट्टा मारा, मागेल त्याला द्या, वर्षाकाठी एखादं हरवलं तर हरवलं.

आता घरातलं. बायको "कुणालाच काही नको" म्हणते, ती कंजूष आहे म्हणून म्हणत नाही. तिचं गंठण त्या ट्रॅक्टरमध्ये आहे. दादा पाती मोडून आणतो तेव्हा ती दाराआडून बघते आणि तुम्ही गप्प बसता. तिला राग दादाचा कमी आणि तुमच्या गप्प बसण्याचा जास्त आला असेल, असं मला मनापासून वाटतं. तेव्हा कुणाला किती भावानं द्यायचं, हे तिला विचारून ठरवा आणि ती वही तिच्याकडं द्या. एक पथ्य मात्र पाळा. दादासमोर "बायको नको म्हणते" असं चुकूनही म्हणू नका. ती पळवाट सोपी आहे, गडीमाणसं ती सर्रास घेतात, आणि मग घर फोडल्याचा बोल आयुष्यभर त्या बाईला लागतो. नकार असो की अट, ती तुमच्या तोंडून, तुमच्या नावानं गेली पाहिजे.

आईंना समोर बसवून सगळं सांगा. सतराचं पोरगं, कायदा, विमा, मोडलेल्या पात्यांचं बिल, सगळं. त्यांना वाटतंय की तुम्ही भाऊबंद तोडायला निघालात. दादाचं रान तुम्ही स्वतः जाऊन करून देणार आहात, हे ऐकलं की त्यांच्या जिवाला बरं वाटेल. उन्हाळ्यातल्या पात्यांचे पैसे मागायचे नाहीत, हेही त्यांच्यासमोरच ठरवून टाका, आणि दादालाही तसं स्पष्ट सांगा, "ते जाऊ दे, ते मी सोडलं, औंदापासून असं करू." मनात ठेवून सोडलेले पैसे पुढच्या भांडणात बाहेर निघतात.

विम्याचा कागद काढून मुदत आणि वापराचा प्रकार तपासा. कृषी सहायक कापूस बघून काय म्हणाले ते मला कळवा.